धर्मसिद्धांताला बायबलचा आधार आहे का, हे कसे पडताळावे

त्रैक्य (पिता, पुत्र म्हणजे येशू आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच देव, ही ख्रिस्ती शिकवण) हा शब्द बायबलमध्ये एकदाही येत नाही, म्हणून तो सिद्धांत मागाहून घुसडलेला आहे, असे एक जण म्हणतो. दुसरा मत्तयाच्या 28व्या अध्यायातील पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची आज्ञा दाखवतो आणि वाद संपला असे समजतो. घाई दोघांचीही सारखीच आहे. शास्त्राधार आहे की नाही हे विचारण्यापूर्वी सिद्धांत नेमके काय म्हणतो, आपण कोणते बायबल हाती घेतले आहे आणि ‘आधार’ कशाला म्हणायचे, हे ठरवावे लागते. त्रैक्याचेच उदाहरण घेऊन ही पडताळणी कशी करावी, ते येथे मांडले आहे.

सुरुवात सिद्धांताच्या अधिकृत शब्दांपासून करावी. ऐकीव व्याख्येवर विसंबू नये. त्रैक्याच्या बाबतीत इ. स. 325 मधील नायसिया परिषदेचा आणि 381 मधील कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडला जाणारा, असे दोन मतांगीकार (श्रद्धेची अधिकृत विधाने) शेजारी ठेवून वाचावेत. पहिल्यात पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असे ठासून म्हटले आहे, पण पवित्र आत्म्याविषयी ‘आणि पवित्र आत्म्यावर’ एवढाच उल्लेख आहे. दुसऱ्यात आत्मा हा प्रभू आहे, जीवन देणारा आहे आणि पित्यापुत्रांसह त्याची आराधना होते, अशी भर पडते. हे वाचल्यावर सिद्धांताची विधाने सुटी करावीत: देव एकच आहे, पिता देव आहे, पुत्र देव आहे, आत्मा देव आहे, तिघे परस्परांहून भिन्न आहेत, तिघांचे तत्त्व एक आहे. यांपैकी प्रत्येक विधानाचा आधार वेगळा शोधायचा असतो आणि तो सारख्याच बळाचा निघेल असे नाही.

दुसरा प्रश्न ग्रंथाचा. वसईतील कॅथलिक कुटुंबाच्या बायबलमध्ये 73 पुस्तके असतात, तर अहमदनगरच्या मिशन परंपरेतून आलेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबाच्या बायबलमध्ये 66. त्रैक्यासाठी या फरकाने फारसे बिघडत नाही. परंतु मृत्यूनंतर आत्म्याचे शुद्धीकरण होते, या पर्गेटरीच्या शिकवणुकीसाठी तो निर्णायक ठरतो. मृत सैनिकांच्या पापांसाठी यहूदा मक्काबीने यरुशलेमला अर्पण पाठवले, हा प्रसंग मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 12व्या अध्यायात आहे आणि ते पुस्तक 66 मध्ये नाही. अशा वेळी ‘बायबलमध्ये नाही’ या वाक्यापुढे ‘कोणत्या’ हे लिहिणे भाग आहे.

मग वचने गोळा करावीत, आणि येथे सर्वांत अधिक वेळ द्यावा. अनुकूल वचने शोधणे सोपे असते, कारण प्रश्नोत्तरीच्या पुस्तकांत ती आयती मिळतात. प्रतिकूल वचने स्वतः शोधावी लागतात. वहीच्या एका बाजूस योहान 1:1, योहान 20:28 मधील थोमाचे उद्गार, प्रेषितांची कृत्ये 5:3–4 आणि 2 करिंथ 13:14 लिहिले, तर दुसऱ्या बाजूस पिता माझ्यापेक्षा थोर आहे असे येशू म्हणतो ते योहान 14:28, त्या दिवसाविषयी पुत्रालाही ठाऊक नाही असे सांगणारे मार्क 13:32 आणि पुत्राला सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ म्हणणारे कलस्सै 1:15 ही वचने आलीच पाहिजेत. जो सिद्धांत केवळ पहिल्या बाजूवर उभा आहे तो पडताळलेला नाही. आणि जो आक्षेप केवळ दुसऱ्या बाजूवर उभा आहे त्याचीही तीच गत आहे.

प्रत्येक वचनासाठी निदान तो संपूर्ण अध्याय वाचावा. पर्गेटरीसाठी पुढे केले जाणारे 1 करिंथ 3:15 हे वचन, ज्यात मनुष्य जणू अग्नीतून जाऊन वाचतो, ते पौल आणि अपुल्लो यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी मंडळीवर, म्हणजे ख्रिस्ती समुदायावर, केलेल्या बांधकामाच्या परीक्षेविषयी बोलते. त्यातून व्यापक अर्थ काढता येईल, पण तो काढावा लागतो, आयता मिळत नाही. उत्पत्ति 1:26 मध्ये देव स्वतःविषयी अनेकवचनात बोलतो, म्हणून तेथे त्रैक्य आहे, असे सांगणाऱ्यांनी तर बादरायण संबंधच जोडलेला असतो, असे मला वाटते.

वचन मूळ संहितेत आहे का, हेही पाहावे. योहानाच्या पहिल्या पत्रातील 5:7 येथे स्वर्गात साक्ष देणारे तिघे एक आहेत, असे स्पष्ट वाक्य काही जुन्या भाषांतरांत आढळते. ते प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत नाही. ग्रीक नवा करार छापणारा विद्वान इरॅस्मस याने 1516 आणि 1519 च्या आवृत्त्यांत ते वगळले होते आणि 1522 च्या तिसऱ्या आवृत्तीत घातले. हे वाक्य आधारांच्या यादीतून बेलाशक काढून टाकावे. त्रैक्याचा सिद्धांत त्याने ढासळत नाही, कारण चौथ्या शतकातील तो वाद इतर वचनांवर लढला गेला होता.

त्या वादाकडे थोडे थांबून पाहावे, कारण ‘आधार’ या शब्दाचा अर्थ तेथे उलगडतो. पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे, असे मानणाऱ्या अरियसचा पक्ष शास्त्र सोडून बोलत नव्हता. नीतिसूत्रे 8:22 हे त्याचे आवडते वचन होते, आणि सप्तती या जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तेथे ज्ञान (जे पुत्राचेच रूप मानले जाई) ‘प्रभूने मला निर्माण केले’ असे म्हणते. अरियसचा विरोधक अथनेशियस याने पुढे लिहून ठेवले आहे की, नायसियाला जमलेल्या बिशपांना आधी बायबलमधीलच शब्द वापरायचे होते. पुत्र ‘देवापासून’ आहे असे म्हटले, तर विरोधकांनी सर्वच काही देवापासून आहे असे सांगून ते मान्य केले. तेव्हा बायबलमध्ये नसलेला ‘एकतत्त्व’ हा शब्द आणावा लागला. हा वृत्तान्त एका पक्षाचा आहे, हे विसरू नये. तरीही शास्त्रातील शब्द उच्चारल्याने शास्त्रातील अर्थ निश्चित होत नाही, एवढे त्यातून दिसते.

म्हणून आधाराचे बळ नोंदवताना तीन कोटी (वर्ग) वेगळ्या ठेवाव्यात: वचनात थेट सांगितलेले, अनेक वचने एकत्र घेतल्यावर अनुमानाने निघणारे, आणि वचनांशी विसंगत नसलेले पण त्यांतून न निघणारे. देव एक आहे, हे पहिल्या कोटीतले (अनुवाद 6:4). तिघांचे तत्त्व एक आहे, हे माझ्या मते दुसऱ्या कोटीतले, आणि ते अनुमान भक्कम आहे. पण अनुमानच आहे. बालकांचा बाप्तिस्मा दुसऱ्या आणि तिसऱ्या कोटीच्या सीमेवर येतो, कारण प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये संपूर्ण घराण्यांचा बाप्तिस्मा आहे, मात्र त्या घरांत तान्ही मुले होती असे लिहिलेले नाही. मरियेचे सदेह स्वर्गारोहण तिसऱ्या कोटीत जाते.

शेवटी, ज्या मंडळीचा सिद्धांत तपासतो आहोत ती स्वतः कोणता दावा करते, हे पाहावे. स्वर्गारोहणाचा सिद्धांत पोप पायस बारावे यांनी 1 नोव्हेंबर 1950 रोजी घोषित केला. आणि प्रकट झालेल्या सर्व गोष्टींची निश्चिती चर्च केवळ शास्त्रातून करत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1965 च्या दस्तऐवजात म्हटले आहे. तेव्हा ‘हे बायबलमध्ये नाही’ असे कॅथलिक माणसाला सांगितल्याने त्याचा सिद्धांत खोडला जात नाही. वाद परंपरेच्या अधिकाराकडे सरकतो आणि तेथे वेगळे पुरावे लागतात. याउलट अँग्लिकन चर्चच्या 39 कलमांपैकी सहावे कलम जे शास्त्रात वाचता येत नाही आणि त्यावरून सिद्धही करता येत नाही, ते तारणासाठी आवश्यक मानू नये, असे सांगते. म्हणजे तेथेही अनुमानाला जागा आहे. तिसऱ्या कोटीतील गोष्ट मात्र त्या मंडळीत श्रद्धेची अट म्हणून कोणावर लादता येणार नाही.