नाक महिनोन् महिने वाहतंय? या चुका टाळा

"माझी सर्दी काही जातच नाही," असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, किती दिवस झाले? "झाले असतील दोन-तीन महिने," असं उत्तर आलं की ती सर्दी नाही हे नक्की. साध्या सर्दीचा मुक्काम ठरलेला असतो. 200हून अधिक विषाणूंपैकी कशानेही ती झालेली असो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरते आणि 7 ते 10 दिवसांत ओसरते. खोकला तेवढा पुढे थोडा रेंगाळतो. त्यानंतरही रुमाल हातातून सुटत नसेल, तर नाक का वाहतंय ते शोधायला हवं. सगळ्याला सरसकट सर्दी म्हणणं हीच पहिली चूक. नाव चुकलं की औषध चुकतं, आणि चुकीचं औषध वर्षानुवर्षं घेत राहिलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत.

लहान मुलांचा हिशेब थोडा वेगळा. त्यांना वर्षाला 6 ते 8 वेळा सर्दी होऊ शकते. एक संपते न संपते तोच दुसरी सुरू होते आणि आईवडिलांना वाटतं, नाक वर्षभर वाहतंय. मधले काही दिवस नाक कोरडं राहतं का, ते बघा. राहत असेल तर फार काळजी नको. मुळीच उसंत मिळत नसेल, मूल तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल, कान वारंवार दुखत असेल, तर नाकाच्या मागची ॲडेनॉइडची गाठ वाढली आहे का, हे तपासून घ्यावं.

शेंबडाचा रंग बघून अँटिबायोटिक

शेंबूड हिरवा-पिवळा झाला की जंतुसंसर्ग झाला, ही समजूत फार पक्की बसलेली आहे. तो हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका एन्झाइमचा असतो. विषाणूच्या साध्या सर्दीतही चौथ्या-पाचव्या दिवशी शेंबूड घट्ट आणि हिरवट होतो आणि नंतर आपोआप साफ होतो. विषाणूवर अँटिबायोटिकचा काहीही परिणाम होत नाही. पोट बिघडतं, आणि पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा औषधाला न जुमानणारे जंतू अंगात तयार असतात.

रंगापेक्षा दिवस मोजा. 10 दिवस उलटूनही काडीचा फरक नाही, किंवा बरं वाटू लागलं होतं आणि पुन्हा ताप, गाल-कपाळात ठणका, घट्ट स्राव असं उलटलं, तर जिवाणूंमुळे सायनसला, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांना, सूज आली असण्याची शक्यता वाढते. हाच त्रास सलग 12 आठवड्यांवर गेला की त्याला जुनाट सायनसचा आजार म्हणतात. त्यात वास येईनासा होतो, घशात मागून सतत काहीतरी उतरत राहतं, नाकात कोंब म्हणजे पॉलिपही असू शकतात. अशा वेळी दुर्बिणीतून नाक आत बघितल्याशिवाय अंदाजाने गोळ्या घेत राहण्यात अर्थ नाही. ज्यांना दमाही आहे आणि ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळीने श्वास लागतो, त्यांनी तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. दमा, कोंब आणि ॲस्पिरिनचा त्रास ही तीन दुखणी बऱ्याचदा एकत्र नांदतात.

नाक उघडणारे थेंब आठवड्यामागून आठवडे

याबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण मी स्वतः यात अडकले होते. झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीन असलेले थेंब नाकातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसवतात, आणि दहा मिनिटांत नाक मोकळं होतं. इतका झटपट आराम दुसऱ्या कशानेच मिळत नाही, म्हणून तर ही सवय लागते. पण साधारण 3 ते 5 दिवसांनंतर थेंबांचा असर उतरला की त्या रक्तवाहिन्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात. नाक पुन्हा चोंदतं, आपण पुन्हा थेंब घालतो. आता नाक सर्दीने चोंदलेलं नसतं, थेंबांनीच चोंदलेलं असतं.

माझी बाटली चार महिने उशीखाली होती. रात्री तीनला जाग यायची, अंधारात हात बरोबर तिच्यावर पडायचा. बाटली संपत आली की जीव घाबरा व्हायचा. सर्दी मुळात कधीच गेलेली होती, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी युक्ती सांगितली: आधी फक्त उजव्या नाकपुडीतले थेंब बंद करा, डावीकडे चालू ठेवा, म्हणजे एका बाजूने तरी श्वास चालू राहील. जोडीला स्टिरॉइडचा नाकाचा स्प्रे दिला. आठवड्याभरात उजवी बाजू स्वतःहून उघडली, मग डावीकडचे थेंबही थांबवले. पहिल्या चार रात्री फार कठीण गेल्या. तुम्हीही या फेऱ्यात असाल तर एकट्याने झुंजू नका, डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. असे रुग्ण त्यांना नवे नसतात.

प्रत्येक वाहतं नाक म्हणजे ॲलर्जी नव्हे

ॲलर्जी ओळखायची खूण म्हणजे खाज. नाक, टाळू, डोळे चुरचुरतात, एकापाठोपाठ एक शिंका येतात, आणि नाकातून पाण्यासारखी धार लागते. धुळीतले सूक्ष्म किडे, परागकण, बुरशी, पाळीव प्राण्यांच्या अंगाचा कोंडा, झुरळं ही नेहमीची कारणं. इथे लोक कपाटावरची धूळ झटकत बसतात आणि ते किडे मात्र गादी-उशीत निवांत राहतात. उशीचे अभ्रे आणि चादरी 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतल्या तर ते मरतात. कोरडी झाडझूड करताना धूळ उलट हवेत उडते, ओल्या फडक्याने पुसणं बरं.

खाज नाही, पण थंड हवेत गेलं, अत्तराचा किंवा धुराचा वास आला, गरम जेवायला बसलं की नाक गळतं, असं असेल तर बहुतेक ती ॲलर्जी नसते. नाकातल्या नसा आणि रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त संवेदनशील झालेल्या असतात. वय वाढलेल्या माणसांत हे बरंच दिसतं: घास तोंडाशी नेतानाच नाकाच्या टोकाशी थेंब लोंबतो आणि चारचौघांत ओशाळायला होतं. अशांना ॲलर्जीच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही, आणि जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी गुंगी येऊन पडण्याची भीती असते. त्यांच्यासाठी इप्राट्रोपियमचा नाकातला स्प्रे आहे, तो पाण्यासारखा स्राव कमी करतो. इतका साधा उपाय असताना वर्षानुवर्षं लाज सोसणारे लोक बघितले की वाईट वाटतं.

सुट्टीत नाक कोरडं आणि कामावर गेलं की पुन्हा वाहतं, असं असेल तर कामाच्या जागेकडे बघा. पीठ, लाकडाचा भुसा, रसायनांची वाफ यांनीही हा त्रास होतो.

स्प्रे आहे, पण मारायची पद्धत चुकते

"स्टिरॉइडचा स्प्रे वापरून बघितला, काही उपयोग झाला नाही." खोदून विचारलं की कळतं, दोन दिवस मारला आणि सोडून दिला. हा स्प्रे थेंबांसारखा दहा मिनिटांत काम करत नाही. तो रोज मारायचा असतो आणि पूर्ण फरक दिसायला एक-दोन आठवडे लागतात.

दुसरी अडचण नेम धरण्याची. बहुतेक जण मान मागे टाकतात, नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे धरतात आणि जोरात ओढून घेतात. औषध थेट घशात उतरतं, कडू लागतं, आणि पडद्यावर सतत मारा होऊन नाकातून रक्त येतं. त्याऐवजी आधी नाक हलकेच शिंकरून घ्या आणि मान किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात आणि डावीसाठी उजव्या हातात घ्या. हात असा उलटा घेतला की नळीचं तोंड आपोआप पडद्यापासून दूर, कानाच्या दिशेला वळतं. स्प्रे मारताना श्वास अलगद घ्या, हुंगल्यासारखा जोरात नको. एकदा आरशासमोर उभं राहून करून बघा.

स्वतःच्याच गोळ्या विसरणं

नाक दाखवायला गेल्यावर रक्तदाबाच्या गोळीचा विषय कुणी काढत नाही. पण रक्तदाबाची काही औषधं, प्रोस्टेटसाठी दिलेली काही औषधं, ॲस्पिरिनसारखी वेदनाशामकं, काही गर्भनिरोधक गोळ्या यांनीही नाक चोंदतं किंवा वाहतं. त्रास कधी सुरू झाला आणि गोळी कधी सुरू झाली, हे ताडून बघा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. गरोदरपणातही काहींचं नाक आठवडे-आठवडे चोंदलेलं राहतं आणि बाळंतपणानंतर साधारण दोन आठवड्यांत मोकळं होतं. थायरॉईड कमी असलं तरी असा त्रास होऊ शकतो.

नळाच्या पाण्याने नाक धुणं

मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा चांगला उपयोग होतो, मग ते जलनेतीच्या भांड्याने करा किंवा पिचकारीने. चूक होते ती पाण्यात. नळाचं पाणी प्यायला योग्य असलं तरी नाकासाठी ते सुरक्षित असेलच असं नाही. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा पोटात गेला तर काही होत नाही, नाकातून मेंदूत पोचला तर जीव घेतो. 2011 साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा असाच मृत्यू झाला. पाणी किमान एक मिनिट खळखळ उकळून कोमट करून घ्या, किंवा डिस्टिल्ड पाणी वापरा. भांडं धुऊन पूर्ण वाळू द्या.

एकाच बाजूने वाहतंय, तरी वाट बघणं

सर्दी आणि ॲलर्जी दोन्ही नाकपुड्यांना त्रास देतात. कधी ही चोंदते, कधी ती, हे निरोगी नाकातही दर काही तासांनी होत असतं. पण स्राव सतत एकाच बाजूने येत असेल तर वेळ घालवू नका.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर आत काहीतरी अडकलंय असं समजा: मणी, फोमचा तुकडा, शेंगदाणा, काहीही. मूल सांगत नाही, कारण ते घाबरलेलं असतं. चिमट्याने काढायला गेलात तर ती वस्तू आणखी आत सरकते. ती गोल चपटी बटण बॅटरी असेल तर काही तासांतच पडद्याला भोक पडू शकतं, म्हणून त्याच क्षणी रुग्णालय गाठा. मोठ्या माणसाच्या एका बाजूने रक्तमिश्रित स्राव येत असेल आणि तीच बाजू कायम बंद राहत असेल, तर गाठ नाही ना हे तपासावं लागतं.

आणि एक कारण क्वचित आढळतं, पण सर्दी म्हणून हमखास दुर्लक्षिलं जातं. एका नाकपुडीतून अगदी नितळ पाणी थेंब थेंब पडतं, बुटाची नाडी बांधायला वाकलं की धार लागते, घशात खारट चव येते, डोकं दुखतं. मेंदूभोवतीचं पाणी नाकात झिरपत असलं की असं होतं. डोक्याला मार लागल्यावर, सायनसच्या शस्त्रक्रियेनंतर आणि कधी कधी काहीच निमित्त नसताना ही गळती सुरू होते, आणि त्या वाटेने जंतू आत गेले तर मेंदूच्या आवरणाला संसर्ग होतो. अशी शंका आली तर नाक जोरात शिंकरू नका आणि तातडीने कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. जाताना ते पाणी स्वच्छ, कोरड्या छोट्या बाटलीत जमेल तेवढं गोळा करून न्या. त्यावर बीटा-2 ट्रान्सफेरिन नावाची तपासणी होते, आणि पाणी नाकाचं की मेंदूभोवतीचं, हे त्यातून कळतं.