साखळी टाका मशीनवर: जुन्या काळच्या पोशाखांसाठी कॉर्नेलीचे काम

घरच्या शिलाई मशीनवर खरा साखळी टाका पडत नाही. तिथे वरचा धागा आणि बॉबिनचा धागा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. साखळीला एकच धागा पुरतो, फक्त प्रत्येक नवा फास आधीच्या फासातून वर यायला हवा. हे काम करणारे मशीन म्हणजे कॉर्नेली. आपल्याकडे कुणी त्याला आरी मशीन म्हणतात, कुणी हँडल मशीन. सिंगरचे ११४ हेही याच जातीचे.

पोशाख कोणत्या काळाचा आहे, हे मशीनला हात लावण्याआधी ठरवा. फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिए याने १८३० मध्ये पेटंट घेतलेले मशीनही आकडीच्या सुईने साखळीच घालत असे, पण ते शिवणासाठी होते. तीच आकडी हवी त्या दिशेला वळवून नक्षी काढण्याची युक्ती अंत्वान बोनाझची, १८६० च्या दशकातली. पॅरिसच्या एमिल कॉर्नेलीने ते मशीन बाजारात आणले आणि नाव त्याचेच चिकटले. त्यानंतरचे जॅकेट, केप आणि विशेषतः १९२० च्या दशकातले सरळ, सैल, गळ्यापासून घेरापर्यंत साखळीने भरलेले फ्रॉक यांवर हे काम अस्सल ठरते. त्याआधीच्या कपड्यावरची साखळी हातची, बहुधा आरीची, म्हणजे मुठीत धरायच्या आकडीच्या सुईची. कच्छचे मोची भरत तसेच, युरोपातले अठराव्या शतकातले गोल चौकटीवरचे कामही तसेच.

ऐतिहासिक नाटकातल्या पेशवाई अंगरख्याला मशीनची साखळी घालायची वेळ येतेच, कारण वीस अंगरखे हाताने भरायला दिवस पुरत नाहीत. अशा वेळी एक गोष्ट पाळा. हातचा कारागीर पाकळी संपली की धागा आवळून तोडतो आणि पुढची पाकळी नव्याने सुरू करतो. मशीनवाला एकाच धाग्याने पाकळीतून देठात आणि देठातून पुढच्या फुलात जातो. ही सलग वाटच मशीनची चुगली करते. टाका दीड मिलिमीटरवर ठेवा, प्रत्येक पाकळीपाशी धागा तोडा आणि टोके मागे घ्या. वेळ दीडपट लागेल, पण पहिल्या रांगेतूनही काम हातचे वाटेल.

आता मशीन. वरून खाली येणारी सुई आकडीची असते, तिला डोळा नसतो. तिच्याभोवती एक बारीक नळी असते. टेबलाच्या पाटाखाली लूपर असतो आणि धाग्याचा कोनही खालीच. सुई कापडातून खाली जाते, लूपर धागा तिच्याभोवती फिरवतो, आकडी तो फास घेऊन आधीच्या फासातून वर येते. म्हणजे साखळी वरच्या, सुलट बाजूला दिसते आणि उलट बाजूला साध्या धावदोऱ्यासारखी एक रेघ राहते. कापड फ्रेममध्ये ताणायचे नसते. सुईभोवतीचा छोटा पाय ते सरकवतो, आणि कोणत्या दिशेला सरकवायचे ते पाटाखालची मूठ सांगते. मूठ वळली की पाय, सुई आणि लूपर तिघेही एकत्र वळतात.

जुने मशीन घेताना धागा न लावता मूठ हळूहळू पूर्ण फिरवून पाहा. मूठ थोडी हलली आणि सुई जागची हलली नाही, तर दातेचक्रांत खेळ आला आहे. अशा मशीनवर सरळ रेघही डुगडुगते आणि वर्तुळ कधीच बंद होत नाही. ते घेऊ नका. गंज साफ करता येतो, दात झिजलेले असतील तर सुटे भाग शोधत बसावे लागते. सुई, नळी, लूपर आणि पाटाचे भोक हे एकाच मापाचे असावेत, म्हणून विकणाऱ्याकडून प्रत्येक मापाचा पूर्ण संच मागून घ्या. जाड सुईला बारीक भोकाची प्लेट दिली की धागा कापला जातो. बारीक सुईला मोठे भोक दिले की पातळ कापड त्या भोकात खेचले जाते.

धागा सैल पिळाचा घ्या. घट्ट पिळाचा धागा फासात गाठ धरतो आणि साखळी चपटी पडत नाही. जॉर्जेट, क्रेप आणि मलमलवर रेयॉनचा भरतकामाचा एकेरी धागा पुरतो. लोकरीच्या केपवर तोच दुहेरी करा किंवा बारीक लोकर वापरा. कसबी जरीचे आवरण आकडीत उसवते. जरी हवीच असेल तर एक माप मोठी सुई लावा आणि वेग निम्म्याने कमी करा. धागा किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. वर दोन पदर, खाली एक, शिवाय कापडाची जाडी, म्हणजे रेघेच्या लांबीच्या सुमारे चौपट. नक्षीत २० मीटर रेघ असेल तर ८० मीटर धागा. तोडताना वाया जाणारा धरून ९० ते ९५ मीटर हाताशी ठेवा.

नक्षी कागदावर काढून सुईने भोके पाडा, खाका तयार होतो. सुती आणि लोकरी कापडावर रॉकेलमध्ये झिंक पावडर कालवून खाक्यावरून बोळा फिरवतात, फिक्या कापडावर नीळ वापरतात. रेशमावर रॉकेलचा डाग बसण्याची भीती असते. तिथे खडूची कोरडी पूड पुरते, पण ती झटकली जाते, म्हणून एका बैठकीत होईल एवढेच छापा. भरतकाम कापड कापण्याआधी करा. तुकड्याची रेघ आखून बाजूला ३ ते ४ सेंटीमीटर मोकळे सोडा, कारण दाट साखळीने कापड आखडते. किती आखडेल ते कापडागणिक बदलते. आधी १० सेंटीमीटर चौरसाचा नमुना त्याच नक्षीने भरा आणि पुन्हा मोजा.

धागा लावताना बारीक तारेची आकडी पाटाच्या भोकातून खाली सोडायची, लूपरमधून आलेला धागा तिला अडकवून वर ओढायचा आणि ८ सेंटीमीटर शेपूट वर ठेवायचे. पहिले तीन टाके चाक हाताने फिरवून घाला. पहिला फास धरला गेला की मगच पॅडल. टाक्याची लांबी सरळ रेघेला अडीच मिलिमीटर, वळणावर दीड ते दोन. वळणावर लांब टाका ठेवला तर वर्तुळाचा बहुकोन होतो. डावा हात कापडावर सपाट ठेवा आणि कापड ओढू नका, सुई मोडते ती त्यामुळेच. दिशा फक्त मुठीने द्या. पानाच्या टोकाशी थांबा, सुई कापडाच्या वर असताना मूठ पूर्ण वळवा आणि मग परत निघा. सुई कापडात असताना मूठ वळवली तर आकडी वाकते.

आकार भरायचा असेल तर आधी बाहेरची रेघ, मग तिला समांतर आत आत, मध्यापर्यंत. दोन रांगांत एक मिलिमीटर अंतर ठेवा. चिकटवल्या तर कापड फुगते आणि प्रकाश रांगांवरून सरकत नाही. १९२० च्या दशकातल्या फ्रॉकची सारी शोभा त्या सरकत्या चमकेत आहे. एका फुलात रांगांची दिशा बदललीत तर एकाच रंगाच्या धाग्याच्या दोन छटा दिसतात.

शेवट नीट केला नाही तर सगळे काम वाया जाते. साखळीचा शेवटचा फास मोकळा राहिला आणि धागा ओढला गेला की ती सुरुवातीपर्यंत सरसर उसवते. शेवटचा फास ८ ते १० सेंटीमीटर लांब वर ओढा आणि त्याच्या माथ्यावर कापा. दोन टोके मिळतील. कोनाकडे जाणारे टोक खाली निघून जाईल. दुसरे पूर्ण वर ओढून घ्या, हातसुईत ओवा, आधीच्या फासाच्या डोक्यावरून पलीकडे उतरवा आणि मागच्या रेघेत तीन-चार टाके विणून टाका. नुसती गाठ मारून सोडू नका, रेयॉनची गाठ धुतल्यावर सुटते.

टाका चुकू लागला तर सगळ्यात आधी सुईची आकडी पाहा. ती नखावरून हळूच ओढा, टोक बोथट असेल किंवा कंगोरा आला असेल तर ओरखडेल. तशी सुई बदला. सुई ठीक असेल तर लूपर केव्हा फिरतो ते पाहा. सुई अगदी खाली असताना त्याने धागा गुंडाळला पाहिजे. लवकर किंवा उशिरा फिरला तर आकडी रिकामीच वर येते. वर येताना आकडी कापडाचेच तंतू धरत असेल तर नळी उंच राहिली आहे. सुई बाहेर येण्याआधी नळीने कापड दाबून आकडी झाकायला हवी. नळी केसभर खाली घ्या आणि कापडाच्याच तुकड्यावर पाहा. कापड चुण्या धरत असेल तर खालचा ताण सैल करा आणि जॉर्जेटखाली पातळ कागद ठेवा, काम झाल्यावर तो फाडून काढता येतो. मखमलीवर मात्र कागद वरून ठेवावा, नाहीतर साखळी लवेत बुडते. तेल रोज एक-एक थेंब, आणि त्यानंतर दोन मिनिटे चिंधीवर मशीन चालवल्याशिवाय पोशाखाचे कापड खाली घेऊ नका.

कॉर्नेली परवडत नसेल तर कव्हरस्टिच मशीनवर (टी-शर्टची किनार शिवतात ते), खालच्या लूपरमध्ये जाड धागा घालून, सुलट बाजू खाली ठेवून दोन धाग्यांची साखळी काढता येते. ती दोरीसारखी भरीव दिसते. किनारीला चालते, फुलांच्या नाजूक रेघांना नाही, आणि कोपरा घेताना दर वेळी पाय उचलून कापड वळवावे लागते. विलकॉक्स अँड गिब्सचे जुने एकधागी मशीन मिळाले तर तेही कामाचे. त्याची साखळी उलट बाजूला पडते, म्हणून नक्षी कापडाच्या उलट बाजूवर उलटी छापा.

इस्त्री जाड टॉवेलवर, सुलट बाजू खाली ठेवून, मागूनच करा. वरून दाबलेली साखळी पुन्हा उठत नाही.