ब्रूपबमधील बिअर चाखताना आणि तिच्यावर लिहिताना: या चुका टाळा

पुण्यातील एका ब्रूपबच्या, म्हणजे स्वतःची बिअर जागेवरच बनवणाऱ्या पबच्या, बिअरवर मी काही वर्षांपूर्वी लिहिले होते की तिला फेस धरत नाही, ती मिळमिळीत आहे आणि टाकीत बहुधा फार दिवस पडून राहिलेली आहे. पुढे पुन्हा तेथे जाणे झाले, तीच बिअर समोर आली आणि पुन्हा तशीच दिसली. या वेळी मी ग्लास उजेडाकडे धरून पाहिला, तर बिअरच्या पातळीखाली काचेच्या एका अंगाला बारीक बुडबुड्यांचा पट्टा चिकटून बसला होता आणि उरलेली काच मोकळी होती. ‘दादा, हीच बिअर दुसऱ्या ग्लासात देता का?’ असे विचारल्यावर वेटरने दुसरा ग्लास गार पाण्याने विसळला आणि त्याच नळातून भरून आणला. त्यावर दोन बोटे फेस चढला, टिकला, आणि प्रत्येक घोटानंतर काचेवर त्याची जाळी मागे राहिली. दोष ग्लासात राहून गेलेल्या तेलकटपणाचा होता, आणि मी तो बिअर बनवणाऱ्याच्या माथी मारून मोकळा झालो होतो.

बिअरवरील बहुतेक चुकीचे अभिप्राय असेच बिघडतात, कारण त्यांत तीन वेगवेगळी विधाने एकमेकांत मिसळलेली असतात. ‘ही मला आवडली नाही’ हे एक, ‘ही आपल्या प्रकाराला धरून नाही’ हे दुसरे, आणि ‘ही बिघडलेली आहे’ हे तिसरे. पहिल्यासाठी स्वतःच्या जिभेखेरीज कोणताही पुरावा लागत नाही. दुसऱ्यासाठी तो प्रकार ठाऊक असावा लागतो. तिसऱ्यासाठी मात्र बिघाड नेमका कोठे झाला, टाकीत, नळीत, ग्लासात की आपल्याच टेबलावर, याची थोडी तरी शहानिशा करावी लागते. ही शहानिशा न करता ‘खराब’ हा शब्द लिहून टाकणे ही सर्वांत मोठी चूक आहे.

शहानिशेला ग्लासापासूनच सुरुवात करावी. भिंतीला चिकटलेले बुडबुडे, पाहता पाहता विरणारा फेस आणि साबणाचा किंवा ओल्या फडक्याचा वास यांपैकी काहीही आढळले तर ग्लास बदलून मागावा. चांगल्या ठिकाणी याचा कोणाला राग येत नाही. बर्फात ठेवून पांढरा केलेला ग्लास पाहुणचाराचा भाग म्हणून पुढे केला जातो, पण चाखण्यासाठी तो निरुपयोगी असतो. त्याच्यावरील हिम बिअरमध्ये वितळते, फेस भलताच उसळतो आणि अति थंडीमुळे वास दबून जातो. हलकी लागर (थंडीत आंबवलेली, स्वच्छ चवीची बिअर) साधारण ४ ते ७ अंश सेल्सिअसला चांगली लागते, आयपीए (हॉप्स या कडू, सुगंधी फुलांचा भर असलेली बिअर) ७ ते १० अंशांना खुलते आणि दमदार स्टाउटला (काळ्या, भाजक्या चवीच्या बिअरला) १० अंशांच्या वरचे तापमान मानवते. आपल्याकडे ‘चिल्ड’ हाच दर्जाचा पुरावा मानला जात असल्यामुळे या सर्व बिअर एकाच थंडीत दिल्या जातात. मग ‘स्टाउटला कॉफीचा वास अजिबात नाही’ अशी तक्रार लिहिली जाते आणि तिच्यावरचा उपाय एवढाच असतो की ग्लास दहा मिनिटे तळहातांत धरून बसावे.

चाखण्याच्या क्रमाबाबत एक गैरसमज फार पक्का आहे, तो म्हणजे फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे जावे. रंग हा माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) किती भाजले आहे एवढेच सांगतो. काळीभोर गिनेस ड्राफ्ट ४.२ टक्के मद्यार्काची असते आणि सोनेरी दिसणारी बेल्जियन डुव्हेल ८.५ टक्क्यांची. क्रम लावायचा तो मद्यार्क, कडूपणा आणि आंबटपणा पाहून लावावा. खूप हॉप्स घातलेल्या आयपीएनंतर आलेली उत्तम पिल्सनर (फिकी, नाजूक लागर) पाण्यासारखी लागते, आणि तिच्यावर होणारा हा अन्याय अभिप्राय वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

चखण्याबद्दल अधिक सांगायला हवे, कारण येथे आपण सर्वच जण दोषी आहोत. मसाला शेंगदाणे, चिली चिकन, ठेचा लावलेले पनीर असे काही टेबलावर असेल तर चाखणे पुढे ढकललेले बरे. मिरचीतील कॅप्सेसिन आणि हॉप्सचा कडूपणा एकमेकांना चढवतात, मद्यार्क त्यात भर घालतो, आणि मग पेल एलसारखी मध्यम कडवट बिअरसुद्धा ‘फारच कडवट’ ठरते. आधी चाखावे, टिपण करावे, मग हवे ते मागवावे. दोन बिअरच्या मध्ये साधे पाणी आणि पावाचा एखादा तुकडा किंवा मूठभर कोरडे कुरमुरे पुरतात. अंगावर भरपूर अत्तर मारून जाऊ नये आणि डासांच्या अगरबत्तीशेजारची जागा घेऊ नये, हे सांगण्याची गरज नसावी. पण पावसाळ्यात उघड्या गच्चीवर बसून ‘बिअरला धुरकट छटा आहे’ असे मी स्वतः लिहिलेले आहे.

गव्हाच्या बिअरबाबतचा गोंधळ

आपल्या ब्रूपबच्या यादीत सर्वाधिक खपणारी आणि सर्वांत चुकीची पारखली जाणारी बिअर म्हणजे गव्हाची. यादीवर नुसते ‘व्हीट बिअर’ लिहिलेले असते, आणि त्या दोन शब्दांमागे किमान तीन वेगळी पेये दडलेली असतात. बव्हेरियाची हेफेवाइझन केळ्याच्या आणि लवंगेच्या वासाने ओळखली जाते. पण तिच्यात केळेही घातलेले नसते आणि लवंगही नसते. त्या जातीचे यीस्ट आंबवताना आयसोअमाइल ॲसिटेट तयार करते, त्यातून पिकल्या केळ्याचा वास येतो, आणि लवंगेचा वास त्याच यीस्टने बनवलेल्या एका फिनॉलमुळे येतो. हाच आयसोअमाइल ॲसिटेट केळ्याच्या स्वादाच्या गोळ्यांत वापरला जात असल्याने ‘इसेन्स टाकला आहे’ हा आरोप वारंवार होतो. तो आरोप करणाऱ्याचे नाक बरोबर असते, निष्कर्ष तेवढा चुकतो.

बेल्जियन विटबिअरची गोष्ट निराळी आहे. तिच्यात धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात, माल्ट न केलेला गहू वापरतात, आणि तिच्यात केळ्याची अपेक्षा ठेवणे म्हणजे पुरणपोळीत बेदाणे नाहीत म्हणून रुसणे होय. आपल्या वाचकाला धण्यांचा वास कोणी शिकवावा लागत नाही. तरीही विटबिअरवर लिहिताना ‘सायट्रसी’ असे लिहून थांबणारे अनेक असतात. तिसरी अमेरिकी पद्धतीची गव्हाची बिअर. तिचे यीस्ट मुद्दाम शांत निवडलेले असते, त्यामुळे केळे नाही, लवंग नाही आणि धणेही नाहीत. म्हणून पहिला घोट घेण्यापूर्वी वेटरला, किंवा शक्य असेल तर ब्रूअरला, ही यांपैकी कोणती हे विचारून घ्यावे. या बिअर गढूळ असतात हा दोष नव्हे; बाटलीबंद लागरची सवय झालेल्या डोळ्याला तो दोष वाटतो एवढेच.

येथेच ‘शुद्ध बिअर’ या कल्पनेचाही उल्लेख करावा लागेल. फळे किंवा मसाले घातलेली प्रत्येक बिअर भेसळीची आहे असे सांगताना १५१६ च्या बव्हेरियन नियमाचा दाखला दिला जातो. त्या नियमात पाणी, बार्ली आणि हॉप्स हे तीनच घटक होते. यीस्टचा उल्लेखही नव्हता आणि गव्हाला जागा नव्हती, म्हणजे बव्हेरियाची स्वतःची हेफेवाइझनसुद्धा त्या चौकटीबाहेर पडते. आंब्याची बिअर आवडली नाही तर तसे लिहावे. त्यासाठी पाचशे वर्षांपूर्वीच्या कायद्याला साक्षीला बोलावू नये.

खरा बिघाड कसा ओळखावा

ग्लास स्वच्छ आहे, तापमान ठीक आहे, प्रकार ठाऊक आहे आणि तरीही काही खटकते, अशा वेळी वासाला नाव द्यावे आणि मग कारण शोधावे. लोणी लावलेल्या पॉपकॉर्नसारखा किंवा बटरस्कॉचसारखा वास आणि जिभेवर तुपकट थर, हे डायअसिटिलचे लक्षण. यीस्ट ते आंबवण्याच्या ओघात तयार होऊ देते आणि पुरेसा अवधी मिळाला तर पुन्हा शोषूनही घेते. शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी बिअर घाईने थंड केली तर ते तसेच राहते. दुसरे कारण नळीतील जिवाणू. तुपकटपणाच्या जोडीला अनाहूत आंबटपणाही असेल तर संशय नळीवर घ्यावा, आणि ती बिअर थेट टाकीतून घोटभर चाखायला मिळेल का असे विचारावे. टाकीतील स्वच्छ निघाली तर प्रश्न सुटला. नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवाव्यात असा सर्वसाधारण दंडक आहे आणि तो कोठे पाळला जात नाही हे जीभ सांगते. एक सावधगिरी मात्र बाळगावी: काही चेक लागर आणि काही इंग्लिश एल यांत अगदी पुसट लोणकट छटा चालते.

उकडलेल्या मक्याचा वास डायमिथिल सल्फाइडचा असतो. सिंहगडावर निखाऱ्यावर भाजलेल्या कणसाचा वास येथे डोळ्यांपुढे आणू नये, कुकरमधून काढलेल्या कणसाचा आणावा. तो फिक्या माल्टमधून येतो आणि माल्टचा काढा दणदणीत उकळला तर वाफेबरोबर निघून जातो. उकळी मंद राहिली किंवा नंतर काढा सावकाश थंड झाला तर बिअरमध्ये उरतो. हिरव्या सफरचंदासारखा कच्चट वास म्हणजे ॲसिटाल्डिहाइड, आणि तो बहुतेक वेळा बिअर लवकर काढल्याचे सांगतो. दवाखान्यातील पट्टीसारखा औषधी वास पाण्यातील किंवा जंतुनाशकातील क्लोरीनकडे बोट दाखवतो. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास प्राणवायूने शिळ्या झालेल्या बिअरचा. तो टाकीतून सरळ येणाऱ्या ताज्या बिअरमध्ये क्वचित आणि जुन्या बाटलीत किंवा कॅनमध्ये अधिक भेटतो.

एक बिघाड मात्र गिऱ्हाईक स्वतः घडवून आणतो. हॉप्समधील कडू द्रव्यांवर ऊन पडले की एक गंधकयुक्त संयुग तयार होते, आणि भरपूर हॉप्स असलेल्या फिक्या बिअरला भर उन्हात त्यासाठी काही मिनिटे पुरतात. म्हणून तपकिरी बाटली हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीपेक्षा बरी. बागेतल्या टेबलावर रविवारी दुपारी छायाचित्रासाठी ग्लास उन्हात ठेवायचा, कोन जमेपर्यंत हलवत राहायचे आणि मग त्याच ग्लासातून चव घेऊन ‘उग्र वास येतो’ असे लिहायचे, हे मी अनेकदा पाहिले आहे.

इंग्रजीत या वासाला ‘स्कंकी’ म्हणतात. तो शब्द मराठी अभिप्रायातही जसाच्या तसा येतो, मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी स्कंक नावाचा प्राणी कधी पाहिलेला नाही, हुंगण्याची गोष्ट तर दूरच. बिअरच्या वासांचे प्रसिद्ध चक्र १९७० च्या दशकात मॉर्टन मेलगार्ड यांच्या पुढाकाराने तयार झाले. ते उपयुक्त आहे, पण त्यातील शब्दांची नक्कल करणे म्हणजे चाखणे नव्हे. आपल्या नाकाला बेसन मंद आचेवर भाजल्याचा वास ठाऊक आहे, काकवी ठाऊक आहे, कोकमाचा आणि कैरीचा आंबटपणा वेगवेगळा ओळखता येतो, वेलची केळे आणि हिरव्या सालीचे केळे यांतला फरक कळतो. ‘माल्टी’ या शब्दापेक्षा ‘खमंग भाजलेल्या रव्यासारखी’ हे शब्द वाचकाला अधिक सांगतात. वास घेताना एकच दीर्घ श्वास घेऊ नये; दोन-तीन छोटे हुंगे घ्यावेत, थांबावे, पुन्हा घ्यावेत, कारण नाक एकाच वासाला फार लवकर सरावते.

गुणांबद्दल थोडक्यात. अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या बीजेसीपी या परीक्षक संस्थेच्या पत्रकात ५० पैकी वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील जाणिवेला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण असतात. रूपाला तीन! आपल्या अभिप्रायांत अर्धी जागा रंग, फेस आणि छायाचित्र यांनी व्यापलेली असते. आयबीयूच्या, म्हणजे कडूपणा मोजणाऱ्या एककाच्या, आकड्यावरही विसंबू नये; माल्टची गोडी भरपूर असेल तर ४० आयबीयूची बिअर २५ आयबीयूच्या कोरड्या बिअरपेक्षा सौम्य लागू शकते.

ठिकाणाबद्दल लिहिताना

एका भेटीवर ब्रूपबचा निकाल देऊ नये. येथील प्रत्येक घाणा वेगळा असतो, आणि महिन्याभरापूर्वीची पेल एल आजच्या पेल एलची बहीण असते, जुळी नव्हे. म्हणून तारीख लिहावी, ती नळावर कधी चढली ते विचारून लिहावे, आणि संगीत, वाहनतळ किंवा बिलावरचा सेवाशुल्क यांचा राग बिअरच्या गुणांतून काढू नये. मालकाने पाहुणा म्हणून पाजले असेल तर तेही सांगावे. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली तेव्हा ताज्या बिअरची तुलना करायला आसपास दुसरे ठिकाणच नव्हते. (हे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून आले आहे, मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथील छावणीत कंटाळलेल्या ब्रिटिश सैनिकांमुळे तो शब्द इंग्रजीत ‘डोके फिरलेला’ या अर्थाने रूढ झाला.) आज मुंबई-पुण्यात पुरेशी ठिकाणे आहेत, तेव्हा एकाच प्रकारची बिअर दोन ठिकाणी चाखून मग लिहिणे अशक्य राहिलेले नाही.

नमुन्याच्या छोट्या ग्लासांचा हिशेबही ठेवावा. १२० मिलिलिटरचे पाच ग्लास म्हणजे ६०० मिलिलिटर. सरासरी ६ टक्के धरले तर ३६ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क पोटात जातो, आणि तो ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटरच्या दोन बाटल्यांपेक्षा जास्त आहे. वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम एवढीच आहे, आणि महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. चाखताना प्रत्येक ग्लास संपवलाच पाहिजे असेही नाही. तीन-चार घोटांत टिपण पूर्ण होते, आणि चौथ्या भरल्या ग्लासानंतर लिहिलेली विशेषणे सकाळी वाचवत नाहीत.

दोष सापडलाच तर तो आधी टेबलावर सांगावा. ‘यात लोण्याचा वास येतो आहे, दुसऱ्या ग्लासात तपासून पाहता का?’ एवढे म्हटले की पुढे काय घडते ते वहीत टिपावे: ग्लास बदलला का, ब्रूअर बाहेर येऊन स्वतः हुंगून गेला का, तो नळ बंद केला का, की वेटरने ‘ही अशीच असते, सर’ म्हणून ग्लास पुन्हा पुढे सरकवला.