जीसीसीने भलतीच फाइल काढून दिली? या चुका टाळा

ऐरोली-महापे पट्ट्यात नुकतीच कामाला लागलेली मुलं असोत की ठाण्यातली इंजिनीअरिंगची पोरं, तक्रार एकच असते, कंपाइल झालं, एररपण नाही आली, पण पाहिजे ती फाइल मिळालीच नाही. बहुतेक वेळा जीसीसी या सी भाषेच्या कंपायलरला कमांड देताना डॅश ओच्या पुढे जे नाव टाकलंय त्यावरून कंपायलर फॉरमॅट ओळखेल असं धरून चाललेलं असतं. तो ओळखत नाही! डॅश ओ फक्त नाव देतो. आत काय असेल ते ठरतं कुठल्या टप्प्याला थांब म्हणून सांगितलंय त्यावरून. डॅश मोठा ई दिला तर प्रीप्रोसेसिंग (इन्क्लूड आणि मॅक्रो उलगडणं) करून थांबतो, मोठा एस दिला तर असेंब्ली (प्रोसेसरच्या सूचना वाचता येतील अशा अक्षरांत) काढून, छोटा सी दिला तर ऑब्जेक्ट फाइल (अजून न जोडलेला मशीन कोड) काढून, आणि यातलं काहीच नाही दिलं तर सरळ लिंकिंग (सगळे तुकडे जोडणं) करून चालणारा प्रोग्रॅम बनवतो, ज्याचं नाव डॅश ओ नसेल तर लिनक्सवर ए डॉट आउट.

आता "जीसीसी युटिल डॉट सी डॅश ओ युटिल डॉट ओ" अशी कमांड बघा. नाव ऑब्जेक्टचं आहे पण डॅश सी नाहीये, म्हणजे तो लिंक करायला जाणार, युटिलमध्ये मेन फंक्शन नाही, की आलं "अनडिफाइन्ड रेफरन्स टू मेन". मग काही जण एरर जावी म्हणून त्या फाइलमध्ये रिकामं मेन टाकतात. प्लीज असं करू नका, पुढे खरं मेन जोडताना एकाच नावाची दोन फंक्शनं होऊन परत अडकाल, डॅश सी टाका आणि विषय संपवा. याच्या उलटंही होतं, डॅश सी आहे आणि नाव दिलंय ॲप, मग चालवायला गेलं की "परमिशन डिनाइड", मग सीएचमॉडने परवानगी दिली की "एक्झेक फॉरमॅट एरर", आणि लोक सिस्टिमला दोष देत बसतात. इथे "फाइल" ही कमांड चालवा, फाइल ॲप एवढंच टाइप करायचं. उत्तरात "रिलोकेटेबल" दिसलं तर ती ऑब्जेक्ट फाइल आहे, परवानग्या कितीही द्या ती चालणार नाही.

एमआयडीसीत एम्बेडेडचं काम करणाऱ्यांनी हे तर नीटच समजून घ्यावं. डॅश ओ फर्मवेअर डॉट हेक्स लिहिलं म्हणून इंटेल हेक्स (चिपमध्ये भरायचा टेक्स्ट फॉरमॅट) होत नाही, आत कंपायलरचा नेहमीचा ईएलएफ फॉरमॅटच असतो आणि बर्न करायचं टूल ती फाइल घेत नाही. हेक्स काढायला ऑब्जकॉपी हे फॉरमॅट बदलणारं टूल वेगळं चालवावं लागतं, डॅश मोठा ओ आयहेक्स देऊन. ऑब्जकॉपीत मोठा ओ म्हणजे आउटपुटचा फॉरमॅट, जीसीसीत मात्र मोठा ओ म्हणजे ऑप्टिमायझेशन! त्यामुळे जीसीसीत चुकून मोठा ओ टाकून पुढे ॲप लिहिलं की तो ॲपला इनपुट फाइल समजतो आणि अशी फाइलच नाही म्हणून ओरडतो.

एसचं त्याहून वाईट, कारण तिथे एररच येत नाही. असेंब्ली बघायची म्हणून छोटा एस टाकला तर जीसीसी गपचूप सिम्बॉल टेबल (फंक्शन-व्हेरिएबलच्या नावांची यादी) काढून टाकलेला प्रोग्रॅम बनवतो आणि तुम्ही डॉट एस फाइल शोधत बसता. मोठा एस नीट टाकलात आणि एक्स-८६ वर असेंब्ली उलटी वाटली तर घाबरू नका, जीसीसी डीफॉल्टला एटी अँड टी पद्धतीने लिहितो, डॅश एमएएसएम, मग इक्वल टूचं चिन्ह, मग इंटेल असं दिलं की पुस्तकातल्यासारखं दिसेल.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे डॅश ओच्या लगेच पुढे सोर्स फाइल येणं. "जीसीसी डॅश ओ मेन डॉट सी युटिल डॉट सी" म्हणजे आउटपुट मेन डॉट सी मध्ये टाक, झालं, कोड गेला. टॅब दाबून नाव पूर्ण करताना किंवा मेकफाइलमध्ये (मेक या बिल्ड टूलच्या नियमांची फाइल) टार्गेट आणि सोर्सचे डॉलरवाले व्हेरिएबल अदलाबदल झाले की हमखास होतं. बिल्डच्या कमांडला हात लावायच्या आधी गिटमध्ये कमिट करा, खरंच करा.

ऑब्जेक्ट फाइल सोर्सच्या फोल्डरमध्ये बनत नाही, तुम्ही जिथे उभे आहात तिथे बनते, त्यामुळे दोन फोल्डरमध्ये एकाच नावाच्या फाइली असतील तर दुसरी पहिलीवर चढते. डॅश ओ देऊन बिल्ड फोल्डरमध्ये पाठवायची तर फोल्डर आधी बनवून ठेवा, जीसीसी बनवत नाही. आणि डॅश सीबरोबर दोन-तीन सोर्स असतील तर एकच डॅश ओ चालत नाही, प्रत्येकाला वेगळी कमांड.

मोठा ई स्क्रीनवरच ओततो, त्याला डॅश ओ देऊन फाइलमध्ये घ्या.

मेकसाठी डिपेन्डन्सी (कुठली फाइल कुठल्या फाइलींवर अवलंबून आहे ते) काढायला मोठा एम टाकतात त्यांच्यासाठी, मोठा एम म्हणजे आपोआप मोठा ई आलाच, म्हणजे कंपाइल होतच नाही, आणि बरोबर डॅश ओ मेन डॉट ओ असेल तर त्या फाइलमध्ये मेकचा नियम टेक्स्ट म्हणून जातो! लिंकर मग तिला लिंकर स्क्रिप्ट समजून सिंटॅक्स एरर देतो आणि काही केल्या उलगडा होत नाही. त्याऐवजी डॅश सीबरोबर डॅश एमएमडी वापरा, ऑब्जेक्टही बनतो आणि डॉट डी फाइलही. तरी गाडी अडली तर डॅश सेव्ह डॅश टेम्प्स लावून चालवा, आय, एस आणि ओ एक्स्टेन्शनच्या मधल्या तिन्ही फाइली राहतात, मग एकेक उघडून कुठल्या टप्प्यापर्यंत बरोबर होतं ते बघता येतं.