असईच्या शिपायांखालची काळी माती

इंग्रज-मराठ्यांची असईची लढाई (२३ सप्टेंबर १८०३) छोट्या पुतळ्यांनी टेबलावर मांडायची, तर २८ मिमी उंचीच्या शिपायांच्या बेसवर (पायाखालच्या चकतीवर) शेतातली खरी काळी माती लावावीशी वाटते. लावू नका. ही माती ओलीत फुगते, वाळताना आकसते. फेव्हिकॉलचं पाणी सुकलं की भेगा पडून खपल्या निघतात.

त्यापेक्षा नदीची वाळू चहाच्या गाळणीने चाळा, धुवा, कडक उन्हात वाळवा. बेस ३ मिमी एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) घ्या, पुठ्ठ्याच्या कडा ओलीने वळतात. त्यावर २ भाग फेव्हिकॉल, १ भाग पाणी लावून बेस वाळूत दाबा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी १ भाग फेव्हिकॉल, ३ भाग पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब असं मिश्रण ब्रशच्या टोकाने सोडा. साबण नसेल तर थेंब मोत्यासारखा वरच बसतो, मुरत नाही आणि पुढे रंगवताना वाळू झडते.

रंग निव्वळ काळा नको. शिपायाचे पाय त्यात हरवतात. ३ भाग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), १ भाग काळा. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट राखाडी-तपकिरी रंग फक्त उंचवट्यांवर फिरवा. असईच्या केळणा-जुई नद्यांकाठचा सप्टेंबर आहे, म्हणून गवत हिरवंच लावा. पिवळं वाळकं गवत उन्हाळ्यातल्या लढायांना ठेवा.