न चाळता पुस्तक मागवणाऱ्यासाठी परीक्षण कसं लिहावं

नागपूर-अमरावतीच्या दुकानात माणूस पुस्तक हातात घेतो, मागचा मजकूर वाचतो, किंमत बघतो, मधलंच एखादं पान उघडून चार ओळी वाचतो आणि मग घेतो किंवा परत ठेवतो. घाटंजी, चांदूर बाजार किंवा अहेरीकडच्या वाचकाला ही सोय नाही. तालुक्याच्या दुकानात वह्या, गाईडं, पोथ्या आणि कॅलेंडरं असतात. कादंबरी हवी तर फोन करून मागवायची, वर टपालखर्च भरायचा, नाहीतर गावच्या वाचनालयाला गळ घालायची. पुस्तक हाती येतं तेव्हा पैसे गेलेले असतात.

त्यामुळे परीक्षण उपयोगी आहे की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो. दुकानात जे काम हात आणि डोळे करतात, ते या लिहिण्यानं केलं का? विदर्भ साहित्य संघाच्या 'युगवाणी'सारख्या नियतकालिकात येते ती समीक्षा वेगळी. पुस्तक वाचून झालेल्या माणसाला ती अधिक उमगते. आपण इथे बोलतोय ते पुस्तक अजून न पाहिलेल्या माणसासाठी लिहायच्या पान-दीड पानाबद्दल, मग ते वाचनालयाच्या फलकावर लागो की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जावो.

१. कोणासाठी लिहिताय, ते आधी ठरवा

'सर्व वाचकांसाठी' लिहिलेलं परीक्षण कोणाच्याच कामी येत नाही. गावात वाचणारे कोण, हे आपल्याला ठाऊक असतं. अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, जिल्हा परिषद शाळेतल्या मॅडम, दुपारी कापूस वेचून आल्यावर दोन पानं वाचणारी एखादी काकू, संत्र्याच्या बागेचं पुस्तक शोधणारा शेतकरी. यांतला एक माणूस डोळ्यासमोर धरा आणि त्यालाच सांगतोय असं लिहा.

यात एक वाचक हमखास विसरला जातो, तो म्हणजे वाचनालयाची समिती. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार मान्यता मिळालेली वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत येतात आणि शासनाच्या अनुदानातून ग्रंथखरेदी करतात. सगळ्यात खालच्या ड वर्गाच्या वाचनालयाला हे पैसे मोजूनमापून वापरावे लागतात. मार्च जवळ आला की यादीची घाई होते आणि कोणीतरी पाठवलेली यादी तशीच मंजूर होऊन जाते. त्या आधी तुमची चार प्रामाणिक परीक्षणं टेबलावर असली, तर कपाटात निदान चार पुस्तकं तरी वाचली जाणारी येतील.

२. वाचतानाच टिपून ठेवा

पुस्तक मिटल्यावर जे आठवतं ते बहुतेक वेळा शेवटाबद्दलचं असतं. म्हणून वाचतानाच कागदाच्या चिठ्ठ्या घालत जा. कुठे हसू आलं, कुठे मागची दोन पानं परत वाचावी लागली, कुठे पुस्तक उलटं ठेवून झोप लागली, हे पान क्रमांकासह लिहा. पुस्तक वाचनालयाचं असेल तर पेन्सिलीची खूणसुद्धा नको. पुढचा वाचक तुमच्या खुणांवरून पुस्तक वाचतो, आपल्या डोळ्यांनी नाही.

पूर्ण वाचलं नसेल तर परीक्षण लिहायचं नाही, असं काही नाही. कोणत्या पानावर सोडलं आणि का सोडलं, एवढं लिहिलं तरी ते कामाचं असतं. मात्र सोडलं ते लपवू नका.

३. आवृत्ती आणि साल पहिल्या ओळीत

नाव, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादक, प्रकाशक, आवृत्तीचं साल, पानं आणि किंमत. ही ओळ कोरडी वाटते म्हणून लोक ती गाळतात किंवा शेवटी बारीक अक्षरात टाकतात. माझ्या मते आपल्या भागात परीक्षणाची सगळ्यात मोलाची ओळ हीच. बियाण्याची पिशवी घेताना मागची तारीख आपण पाहतो, तसंच हे आहे.

शेतीच्या पुस्तकांत तर सालावर सगळं अवलंबून असतं. बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुक बदलून तयार केलेल्या बीटी कपाशीला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्याआधी लिहिलेल्या कपाशीच्या पुस्तकातलं बोंडअळीचं प्रकरण आज जसंच्या तसं लागू होत नाही. बीटीचं गुणगान करणारं २०१० चं पुस्तकही अपुरंच, कारण २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीची बोंडं पोखरलेली विदर्भानं पाहिली. जुन्या पुस्तकातल्या फवारणीच्या तक्त्यात एन्डोसल्फान हे कीटकनाशक सर्रास सापडतं. त्यावर सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये बंदी घातली. असं पुस्तक नव्या मुखपृष्ठासह परत बाजारात आलं असेल आणि आत तोच तक्ता असेल, तर परीक्षणात बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल, पण हे लिहाच. 'नवी आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' यांत फरक असतो. पुनर्मुद्रणात मजकूर तोच असतो, फक्त कागद नवा. आतल्या पानावर काय छापलंय ते पाहा आणि वाचकाला सांगा.

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचंही तसंच. राज्यसेवेची मुख्य परीक्षा पूर्वी बहुतांश बहुपर्यायी होती. २०२५ पासून ती वर्णनात्मक झाली. त्याआधीच्या प्रश्नसंचांची स्तुती वाचून आज कोणी पैसे घातले, तर त्या पोराचं नुसतं पैशाचंच नाही, अभ्यासाच्या दिवसांचंही नुकसान आहे.

जुन्या वाङ्मयात संपादक कोण ते पाहावं लागतं. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी सिद्ध केलेलं 'लीळाचरित्र' घ्या, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींच्या आठवणींचा (लीळांचा) ग्रंथ. मूळ प्रत नाहीशी झाली आणि पुढे अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ परत उभा केला, असं परंपरा सांगते. त्यामुळे पोथ्यापोथ्यांत पाठ वेगळे आहेत. 'लीळाचरित्र वाचलं, फार आवडलं' एवढ्यावर कोणती प्रत मागवायची ते कळत नाही. संपादक कोण, खाली अर्थ आणि टिपा आहेत का, सगळा ग्रंथ आहे की निवडक लीळा, हे सांगितलं तर नवखा माणूस धजावतो.

४. गोष्ट किती सांगायची

मागच्या पानावर जेवढी सांगितली आहे त्याहून थोडी जास्त, आणि पुस्तकाच्या पहिल्या चौथाईच्या पुढे नाही. कवितासंग्रहाला गोष्ट नसते. तिथे कवितांचे विषय, त्या मुक्तछंदात आहेत की गेय, आणि पूर्ण पुस्तकात एकच सूर आहे की बदलतो, एवढं पुरे.

एका ठिकाणी मात्र मी हा नियम मोडतो. पुस्तकात शेतकऱ्याची आत्महत्या येत असेल तर ते सांगतो, मग ती शेवटच्या पानावर का असेना. आपल्याकडे असं घडून गेलेली घरं आहेत. त्या घरातल्या बाईनं किंवा पोरानं नकळत ते पान उघडावं आणि आपण रहस्य राखल्याचं समाधान मानावं, हे मला पटत नाही. 'या कादंबरीत हा प्रसंग येतो, तो संयमानं लिहिला आहे', किंवा 'येतो आणि फार तपशिलात येतो', एवढं एक वाक्य पुरतं. वाचायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील.

५. भाषा कशी आहे, ते नेमकं सांगा

'बोलीभाषेचा सुंदर वापर' या शब्दांतून काहीच कळत नाही. कोणती बोली? अकोला-अमरावतीकडची वऱ्हाडी की भंडारा-गोंदियाकडची झाडीबोली? फक्त संवादात की निवेदनातही? उद्धव शेळके यांच्या 'धग'मधली (१९६०) माणसं वऱ्हाडी बोलतात. त्या कादंबरीबद्दल पुण्याचा वाचक विचारेल, मला कळेल का? तिवस्याचा वाचक विचारेल, आमच्यासारखीच बोलतात का, की बोलल्याचं सोंग करतात? दोन वाचकांचे दोन प्रश्न. तुमचा वाचक ज्या बाजूचा असेल त्याचं उत्तर द्या. आपल्या भागातल्या वाचकासाठी लिहिताना मी दुसऱ्या प्रश्नाकडे जास्त लक्ष देतो. 'काहून', 'मंग' आणि 'बाप्पा' पेरले म्हणजे वऱ्हाडी झाली, असं समजणारी पुस्तकं कमी नाहीत.

अक्षराचा आकारही इथेच सांगा. चष्मा लागलेल्या माणसाला बारीक टंकातली सहाशे पानं म्हणजे शिक्षा असते. मुद्रितशोधनाच्या चुका फार असतील तर तेही सांगा.

६. मत द्या, पण पान दाखवून

हे सगळ्यात अवघड. एक काल्पनिक कादंबरी धरून चालू. तिच्याबद्दल बहुतेक ठिकाणी असं लिहिलं जाईल:

'लेखकाने ग्रामीण जीवनाचे विदारक चित्रण केले आहे. कष्टकऱ्यांच्या व्यथांना वाचा फोडणारी, काळजाला भिडणारी ही साहित्यकृती प्रत्येकाने वाचावीच.'

हा मजकूर गेल्या पन्नास वर्षांतल्या कोणत्याही ग्रामीण कादंबरीला चिकटवता येतो. आता हे वाचा:

'कापूस विक्रीचं प्रकरण (पान ६१ ते ८०) सगळ्यात चांगलं उतरलंय. जिनिंगसमोर रात्रभर बंड्यांची रांग, सकाळी उतरलेला भाव, काट्यावरची हुज्जत आणि चुकाऱ्यासाठी पुढचे हेलपाटे, हे लेखकानं जवळून पाहिलेलं आहे. नायक मुंबईला गेल्यावर मात्र कादंबरी सैल पडते. तिथली माणसं बोलत नाहीत, भाषणं देतात. शेवटची चाळीस पानं मी रेटून वाचली.'

दुसऱ्या मजकुराशी वाचक असहमत होऊ शकतो, आणि तीच त्याची ताकद. कोणी म्हणेल, मला मुंबईचा भागच वाचायचाय. हरकत नाही, त्याला निर्णय घेता आला. म्हणून लिहून झालं की 'अप्रतिम', 'वास्तववादी', 'हृदयस्पर्शी', 'वाचनीय' हे शब्द शोधा. प्रत्येकाच्या जागी एक प्रसंग किंवा एक वाक्य पुस्तकातून घालता येतं का बघा. येत नसेल तर शब्दही काढून टाका. दोनेक ओळी जशाच्या तशा उतरवून दिल्या तर फारच छान. दुकानात मधलं पान उघडून वाचतात, त्या वाचनाची ती भरपाई.

७. लेखक ओळखीचा असेल तर

आणि गावाकडे तो असतोच. नात्यातला, शाळेतला, नाहीतर निदान शेजारच्या गावचा. पुस्तक त्यानं स्वतःच्या पैशानं छापलेलं असतं, प्रकाशनाला शाल-श्रीफळ झालेलं असतं, आणि 'सप्रेम भेट' असं लिहिलेली प्रत आपल्या हातात असते. भाऊ म्हणतात, "लिहा ना सर दोन शब्द." अशा वेळी खरं लिहिणं सोपं नाही. दुरून उपदेश करणाऱ्यांनी एकदा ते करून बघावं.

मी जे पाळतो ते सांगतो. प्रत भेट मिळाली आहे आणि लेखक परिचयाचा आहे, हे वरच लिहायचं, आडपडदा न ठेवता. छपाईच्या चुका आणि बारीकसारीक गोष्टी लेखकाला फोनवर सांगायच्या, लोकांसमोर नाही. पण पुस्तक घ्यायचं की नाही यावर ज्याचा परिणाम होतो, असा दोष परीक्षणात यायलाच हवा. स्तुती किती करायची याला मर्जी चालते, खोटी करायला नाही. आणि सांगण्यासारखं चांगलं काहीच सापडलं नाही, तर 'मला जमणार नाही भाऊ' म्हणायची सोय असतेच. भाऊ चार दिवस बोलणार नाहीत.

लेखक अनोळखी आणि मोठ्या नावाचा असेल तर उलटा धोका असतो. नाव बघून मान झुकते, किंवा उगाच शिंगं उगारावीशी वाटतात. दोन्ही वेळा पान क्रमांक मागा, स्वतःकडेच.

८. कोणी घेऊ नये, तेही लिहा

हे एक वाक्य परीक्षणावरचा विश्वास सगळ्यात जास्त वाढवतं. 'बागेचं काम सुरू असलेल्या शेतकऱ्यासाठी उत्तम, नवीन लागवड करणाऱ्याला यात काही नाही.' 'दहावीच्या पोरांना जड जाईल.' 'कविता आवडत नसतील त्यांना हे पुस्तक बदलवणार नाही.' ज्याला नको म्हटलं, तो पुढच्या वेळी तुमचं परीक्षण आधी वाचतो.

लांबी तीनशे-चारशे शब्द पुरे. मोबाईलवर त्याहून लांब मजकूर कोणी खाली सरकवत नाही. पाठवण्याआधी पुस्तक न वाचलेल्या कोणालातरी वाचून दाखवा. ऐकून झाल्यावर त्यानं 'मागव' किंवा 'राहू दे' म्हटलं तर परीक्षण तयार आहे. 'मंग घेऊ का नाही?' असं विचारलं, तर सहाव्या पायरीवर परत जा.

खाली महिना आणि साल टाका, आणि पुस्तक कुठे मिळेल ते. आपल्या वाचनालयात असेल तर दाखल क्रमांक द्या, म्हणजे ग्रंथपालाला शोधत बसावं लागत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. तुमचं पुस्तक त्यांतलं असेल तर ही गोष्ट खाली नको, किंमतीच्या जागीच लिहा.