नव्वदीतल्या रुग्णाची फील्ड टेस्ट: या चुका टाळा

काचबिंदूत नजरेचा घेर तपासणाऱ्या फील्ड टेस्टच्या कागदावर ‘लो टेस्ट रिलायबिलिटी’ (चाचणी फारशी भरवशाची नाही) असं छापून आलं की खापर रुग्णाच्या वयावर फुटतं. "आता या वयात कुठे जमणार त्यांना!" हे मला अजिबात पटत नाही. ८५-९० वर्षांचे कितीतरी रुग्ण ही चाचणी व्यवस्थित देतात. त्यांना नीट समजावून सांगावं आणि नीट बसवावं लागतं, इतकंच.

सर्वांत मोठी चूक सूचना देतानाच होते. "लाईट दिसला की बटण दाबा" एवढंच सांगून खोलीत अंधार केला जातो. रुग्णाला वाटतं, प्रत्येक लाईट आपल्याला दिसायलाच हवा. मग थोडा वेळ काही दिसलं नाही की तो धास्तावतो आणि अंदाजाने बटण दाबू लागतो, नाहीतर डोळा फिरवून लाईट शोधतो. खरं तर यंत्र लाईट मुद्दाम दिसेनासा होईपर्यंत मंद करत नेतं. निरोगी डोळ्यालाही साधारण निम्मे लाईट दिसत नाहीत. हे आधीच सांगा, हवं तर दोनदा सांगा, आणि कमी ऐकू येत असेल तर श्रवणयंत्र कानात राहू द्या. सुरुवातीला थोडा सराव करून घेतला तर बराच फरक पडतो. चाचणी चालू असताना टेक्निशियनने खोलीबाहेर जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

दमणूक ही दुसरी अडचण. बटण दाबून धरलं की हम्फ्री या फील्ड टेस्टच्या यंत्रावरची चाचणी तेवढा वेळ थांबते, पण हे रुग्णाला क्वचितच कुणी सांगतं. दुसऱ्या डोळ्याची टेस्ट नेहमीच खराब येत असेल तर मध्ये चांगली विश्रांती द्या किंवा तो डोळा वेगळ्या दिवशी तपासा. पाठीला बाक असेल तर टेबलाची उंची रुग्णाप्रमाणे लावा. मान ताणून बसलेला माणूस पाच मिनिटंही स्थिर राहू शकत नाही.

काही दोष काचबिंदूचे नसतातच. पापणी खाली उतरलेली असेल तर वरचा भाग काळा येतो; ती टेपने वर धरून टेस्ट पुन्हा घ्यावी. कडेला गोलाकार काळा पट्टा आला तर चाचणीच्या भिंगाची कड आड आली असावी. घरचा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून टेस्ट देऊ नये. मोतीबिंदूने सगळंच फील्ड मंदावतं, म्हणून पॅटर्न डेव्हिएशनचा नकाशा (एकूण मंदपणा वजा करून उरलेले दोष दाखवणारा) वेगळा पाहावा. जन्मतारीख चुकली तर तुलना चुकीच्या वयोगटाशी होते.

चाचणी किती भरवशाची हे सांगणारे तीन आकडे वाचताना तिन्ही एकाच तराजूत तोलू नका. फॉल्स पॉझिटिव्ह १५ टक्क्यांच्या वर गेले तर मी सर्वांत जास्त सावध होते, कारण न दिसताच दाबलेलं बटण खरं नुकसान झाकून टाकतं. फिक्सेशन लॉस (नजर हलल्याची नोंद; अंध बिंदूवर, म्हणजे डोळ्याला मुळातच न दिसणाऱ्या जागेवर टाकलेला लाईट दिसला की यंत्र ती करतं) २० टक्क्यांवर असूनही कागदावरची नजर टिपणारी खालची रेघ सपाट असेल, तर बहुधा अंध बिंदूची जागा चुकीची धरली गेलेली असते. ती पुन्हा शोधावी. फॉल्स निगेटिव्ह (दिसायला हवा अशा ठळक लाईटलाही बटण न दाबणं) मात्र खूप खराब झालेल्या डोळ्यात आजारामुळेही वाढतात. तेवढ्यावरून "आजींचं लक्ष नव्हतं" असा निष्कर्ष काढणं त्यांच्यावर अन्याय आहे.

एका खराब कागदावरून औषध वाढवू नका, ऑपरेशन तर ठरवूच नका. टेस्ट पुन्हा घ्या. पण कागद फाईलमागे दडपूनही ठेवू नका. तोच भाग प्रत्येक वेळी काळा येत असेल आणि ऑप्टिक नर्व्हचं (डोळ्याच्या नसेचं) नुकसानही त्याला जुळत असेल, तर आकडे कच्चे असले तरी ती खूण खरी मानावी लागते.

सगळं करूनही जमत नसेल तर सिटा फास्टसारखी कमी वेळाची पद्धत वापरता येते. नुकसान फार पुढे गेलं असेल तर मोठा, साईझ फाईव्हचा ठिपका किंवा मधल्या भागाची १०-२ टेस्ट घ्यावी. गोल्डमन पद्धतीत समोर माणूस बसून रुग्णाच्या वेगाने तपासतो, म्हणून काही वृद्धांना ती सोपी जाते. अशा टप्प्यावर केवळ ओसीटीवर (नर्व्हच्या थराची जाडी मोजणाऱ्या स्कॅनवर) विसंबणं चुकीचं ठरतं, कारण नर्व्हचा थर एका मर्यादेपर्यंत पातळ झाला की पुढचा ऱ्हास त्यात उमटत नाही.